निरंकसाहेब

आमच्या साहेबांच्या हद्दीत हिवाळ्यात फक्त एकच माणूस खोकत असे, आणि तो म्हणजे खुद्द साहेब. दसरा झाला की त्यांच्या गळ्याला मफलर लागे आणि घशाला खोकला. दोन्ही होळीला सुटत. खोकत खोकत ते सायकलवरून आमच्या उपकेंद्राच्या अंगणात येत, खाटेवर बसत, चहा घेत, खिशातलं पेन काढत आणि सर्दी-खोकल्याच्या रकान्यात लिहीत : निरंक. 'काही नाही' याला सरकारी मराठीत निरंक म्हणतात. तापाच्या रकान्यात निरंक, गोवराच्या रकान्यात निरंक, डांग्या खोकल्याच्या रकान्यात निरंक. मग सही करताना पुन्हा एक उबळ येई आणि सहीची शेपटी वाकडी जाई. आम्ही नर्सा त्यांना पाठीमागे निरंकसाहेब म्हणायचो. त्यांचं खरं नाव आता माझ्याही चटकन तोंडात येत नाही.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात कोंढ्याच्या पुढच्या एका खेड्यात नर्स होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. थंडीत आम्हाला एक जादा काम असे. धान कापून खळ्यावर आलं की माणसं राखणीला उघड्यावर निजत, पोरंही सोबत. आणि मग घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होत. आम्ही आपापली गावं फिरायची, कुणाला ताप आहे, कुणाला गोवर निघालाय, कोणत्या पोराचं श्वास घेताना पोट उडतंय ते पाहायचं आणि आठवड्याला लिहून द्यायचं. साहेब आमचे पर्यवेक्षक. सगळ्यांचे आकडे एकत्र करून ते भंडाऱ्याला पाठवायचे, आणि आकडे पाहून तिथून औषधं निघायची. जिथं आजार दिसेल तिथं पेनिसिलीनच्या पेट्या जात. जिथं दिसणार नाही तिथं जात नसत. इतका साधा हिशेब होता, तो शाळेतल्या पोरालाही कळला असता. साहेबांना कळत नव्हता असं नाही. त्यांना तो गैरसोयीचा होता.

मी नवी नवी होते तेव्हा इमानदारीने आकडे भरून ठेवायची. साहेब ते वाचत, माझ्याकडे चष्म्यावरून पाहत आणि समजावणीच्या सुरात म्हणत, "बाई, एवढे गोवर कोठून आनले तुमी? हे भंडाऱ्याले धाडले त आख्खं हापिस जीपमंदी बसून येते. मंग त्यायले कोंबडं कोन कापन? तुमी का मी?" आणि माझ्या आकड्यांवर शांतपणे आडवी रेघ मारत. साथ म्हणजे त्यांच्या लेखी जेवायला येणारे साहेबलोक. त्यांना टाळायचे असतील तर साथच येऊ द्यायची नाही, आणि साथ न येऊ देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय त्यांच्या खिशाला लावलेला असे.

त्यांची पाहणी बघण्यासारखी होती. सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून ते चौकात उभे राहत. पाटील समोर दिसले की विचारत, "का पाटील, सारं बरं?" पाटील म्हणत, "बरं हाये साहेब." झाली त्या गावाची पाहणी. पाटलांच्या मागच्या घरात कुणी धापा टाकत असेल तर तो त्याचा दोष. त्याने मोठ्याने धापा टाकायला हव्या होत्या. मी एकदा म्हटलं, "साहेब, एखाद्या घरात तरी जाऊन बघा." तर म्हणाले, "घरात गेलो का चाय घ्या लागते बाई. साऱ्यायच्या घरी चाय घेऊन मले पित्त होते." या माणसाला सगळ्या गावाचं दुखणं दिसत नव्हतं, पण स्वतःच्या पित्ताची फार काळजी होती.

आणि याच माणसाचा भंडाऱ्याच्या बैठकीत उदोउदो होई. तिथं भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यात आजाराच्या गावांना लाल टाचण्या टोचलेल्या. साकोलीकडे लाल, तुमसरकडे लाल, आणि आमचा भाग धुतल्या धोतरासारखा पांढरा. मोठे साहेब तिथं छडी टेकवून म्हणाले, "याला म्हणतात काम!" आमचे साहेब उभे राहिले, विनयाने हात जोडले आणि खोकले. बैठकीतल्या एकालाही हसू आलं नाही. आकडे गोळा करणाऱ्या त्या शहाण्यांना समोर खोकणारा माणूस ऐकू येत नसेल, तर खेड्यातलं पोर कुठून ऐकू येणार?

आता एवढं वाईट बोलल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझ्या जिभेला हाड नाही असं तुम्ही म्हणाल. मी त्या गावात पहिल्यांदा आले तेव्हा एकट्या बाईला कुणी खोली देईना. दोन रात्री मी शाळेच्या पडवीत काढल्या. साहेबांना कळलं तसे ते आले, चौकात उभे राहून त्यांनी पाटलांना असं झापलं की कुत्रीसुद्धा गप्प झाली. "तुमच्या लेकीबाळीचं बाळंतपन कराले आली ते पोरगी, अना तुमी तिले गोठाबी देत नाई? लाजा नाई वाटत?" संध्याकाळच्या आत मला पाटलांच्याच वाड्याशेजारची खोली मिळाली. पुढे दरवर्षी बोरांच्या दिवसांत ते पिशवीभर बोरं आणून माझ्या टेबलावर ओतत आणि म्हणत, "खा बाई, पेनाले जरा आराम द्या." त्यांच्याशी भांडून झाल्यावरही मी ती बोरं खायची. असा माणूस पुरता वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्या आवाजाचं चीज मंडईत होई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक घरी पाव्हणे येतात, वडे तळले जातात, मटण शिजतं आणि रात्रभर नाटक होतं. आमच्या गावच्या नाटकात राजा ठरलेला : साहेब. दाढी चिकटवून, पाटलीणबाईंचा शालू खांद्यावर टाकून ते उभे राहिले की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द ऐकू जाई. खोकला मात्र तिथंही सुटत नसे. राजा खोकला की प्रजा टाळ्या वाजवी आणि राजाला वाटे, अभिनयाला दाद मिळाली. नोकरीत वर्षभर न केलेली मेहनत हा माणूस त्या एका रात्रीसाठी करी. तालमीला मात्र तो कधी सायकलवर बसून राहिला नाही.

त्या वर्षी मंडईच्या तोंडावर गावात गोवर शिरला. गोवर आला असं मला कुणी सांगत नसे. आमच्याकडे गोवर निघाला की देवी घरात आली असं मानतात. तिचं नाव घ्यायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, परक्याला आत घ्यायचं नाही, आणि सगळ्यांना कळावं म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा. त्यामुळे मला कुणाला विचारावं लागत नसे. मी नुसती दारं बघत जायची. आधी तळ्याच्या पाळीकडच्या मोहल्ल्यात दोन दारांना डहाळे दिसले, मग आठवड्याभरात त्या ओळीतलं जवळजवळ प्रत्येक दार हिरवं झालं. गोवराची मला तेवढी भीती नव्हती. त्याच्या मागून छातीत जे उतरतं, त्याची होती. माझ्या कपाटात तेव्हा कापूस, जांभळं औषध आणि तापाच्या गोळ्या होत्या. पेनिसिलीनची एक कुपी नव्हती. असणार कशी? आमचा भाग नकाशावर पांढरा होता ना!

मी साहेबांना डहाळे दाखवले. ते गंभीर झाले. मला वाटलं, आता तरी लिहितील. पण त्यांची काळजी निराळी होती. "बाई, हे लिवलं त मंडई बंद होते," ते म्हणाले. "साऱ्या गावानं पाव्हने बलावले. मुंबईवरून बाया आननार आहेत नाटकात." मी म्हटलं, "साहेब, लेकरं आहेत ती." ते म्हणाले, "गोवर का आज आला का? येते, जाते. आपुन नाई का मोठे झालो?" मग मी सरळ आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर येतो म्हणाले. ती बातमी माझ्याआधी गावात पोचली.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. डॉक्टरांनी डहाळे पाहिले की मंडई गेली, हे सगळ्यांना कळत होतं. आणि देवी घरात असताना डहाळा काढायची कुणाची छाती होत नव्हती. पाटील डोकं धरून बसले. तेव्हा आमचे साहेब उठले आणि राजाच्या आवाजात त्यांनी निवाडा दिला, "काढू नोका ना! मांगच्या दाराले लावा. देवीले का पुढचं दार, का मांगचं दार? तिले सारंच दिसते. डाक्टरले मांगचं दिसत नाई." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका म्हातारीने विचारलं, "मांगून येनं चालन का तिले?" साहेब म्हणाले, "आपल्या घरचं मानूस मांगूनच येते माय!" झालं. सांजेपर्यंत गावातले सगळे डहाळे पुढून मागे गेले. एवढी शिस्तबद्ध मोहीम मी माझ्या सगळ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

डॉक्टरांची जीप दुसऱ्या दिवशी आली. सारवलेल्या अंगणांतून, मोकळ्या दारांसमोरून साहेब त्यांना मिरवत घेऊन गेले. प्रत्येक बाई पदर सावरून म्हणाली, सारं बरं हाये. मी डॉक्टरांना म्हटलं, "मागच्या बाजूने चला." डॉक्टर दोन पावलं वळले. साहेब लगबगीने मध्ये आले, "मांगं सांडपानी हाये साहेब, जोडे भरतीन." डॉक्टरांनी आपल्या जोड्यांकडे पाहिलं. नवे होते. ते जीपकडे परतले. त्या जोड्यांची मला अजून चीड येते.

मंडई झोकात झाली. साहेब दरवर्षी पाळीकडच्या मोहल्ल्यात सगुणाच्या घरी उतरत, कारण तिचा नवरा नाटकात त्यांचा प्रधान होता. त्या वर्षी तर साहेबांची लेकही साकोलीकडून आली, आपल्या लहानग्या राजूला घेऊन, आजोबांना राजा झालेलं दाखवायला. साहेबांची लेक आपल्या घरी उतरणार, हा मान प्रधानजींना सोडवेना. त्यांच्या पोरीच्या, चंदाच्या अंगावरचा गोवर नुकताच काळा पडत होता. बापाने तिला आतल्या खोलीत पांघरुणात निजवलं, साहेबांच्या लेकीला ओसरीवर बसवलं, आणि डहाळा साहेबांनीच शिकवल्याप्रमाणे मागच्या दाराला ठेवला. साहेबांनी त्या घरात दोन वेळा वडे खाल्ले. मागचं दार त्यांनी पाहिलं नाही. मागं सांडपाणी होतं.

मंडई उठून दोन-अडीच आठवडे झाले तरी चंदाचा ताप पुरता उतरला नव्हता, आणि एके दिवशी सगुणा माझ्याकडे धावत आली. "बाई, चंदीचं पोट उडून राहिलं." मी गेले तेव्हा पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ काळसर. चार वर्षांची पोर. मला पाहून तिने नेहमीसारखं तोंड लपवलं नाही. तेवढीही ताकद नव्हती. सगुणा म्हणाली, "सुई द्या ना बाई. सुईनं उतरते म्हनतेत." माझ्याकडे सुई होती. तिच्यात भरायला काही नव्हतं. आम्ही बैलगाडी जुंपली, मी पोरीला मांडीवर बसतं धरलं आणि पवनीच्या दवाखान्याकडे निघालो. पवनी दिसायला लागली तेव्हा पोरीचा श्वास थांबला. सगुणाला ते कळलं नाही. ती तिला वारा घालत राहिली, आणि मला तिचा हात धरावा लागला.

साहेब तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. मंडईहून घरी गेल्यावर त्यांच्या राजूला गोवर निघाला होता आणि छातीत उतरला होता. ओळखीची जीप मिळाली, भंडाऱ्यात खाट मिळाली, इंजेक्शनं मिळाली. पोरगा वाचला. मला ऐकून बरं वाटलं, कारण पोराने माझं काही वाकडं केलं नव्हतं. आणि त्याच क्षणी इतका संताप आला की हातातला पेला मी भिंतीवर फेकला.

ते परत आले तेव्हा दाढी वाढलेली होती, मफलर नव्हता. राजूला कुठून लागलं, ते त्यांना लेकीकडून कळलं होतं : मंडईच्या रात्री तो आतल्या खोलीत चंदाजवळ जाऊन बसला होता. चंदाचं गावात शिरताच कळलं. खाटेवर न बसता त्यांनी उभ्यानेच विचारलं, "किती आहेत बाई?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो लिहिला. "अना मेलेले?" मी म्हटलं, "एक. नाव सांगू का?" म्हणाले, "नोका सांगू." पण लिहिलं. वरून निरोप आला, एवढा आकडा एकदम कसा, दुरुस्त करून पाठवा. त्यांनी तोच पुन्हा पाठवला. पुन्हा निरोप आला, पुन्हा तोच गेला. एवढ्यावरून त्यांना कुणी मोठा मानू नये. सगळ्या गावाच्या पोरांनी जे शिकवलं नाही ते स्वतःच्या नातवाने शिकवलं, यात थोरपण कसलं? पण तिसऱ्यांदा तोच आकडा लिहिताना त्यांचा हात हलला नाही, हे मी पाहिलंय, आणि पाहिलेलं नाही म्हणणं मला जमत नाही. नकाशावर आमच्या भागात पहिली लाल टाचणी बसली. औषधाची पेटी निघाली, आणि साहेबांची बदलीही.

पेटी पवनीच्या बसने आली, ती साहेब स्वतः सायकलला बांधून घेऊन आले. त्यांचा तो शेवटचा दिवस होता. सगुणाच्या धाकट्याला, बाल्याला, तोवर तेच लागलं होतं, म्हणून आम्ही थेट तिच्या घरी गेलो. तिने रिवाजाप्रमाणे साहेबांच्या पुढ्यात पाण्याचा लोटा आणून ठेवला. मी चुलीवर सुई उकळली, पेटी फोडली, बाल्याला इंजेक्शन दिलं. तो कळवळून ओरडला. रडायला दम आहे म्हणून मला बरं वाटलं.

सगुणाने त्याला उचलून खांद्याशी धरलं. मग ती पेटीकडे बघत राहिली. आत कुपी न् कुपी ओळीने लागलेली.

"बाई," ती म्हणाली, "हे पेटी चंदीच्या वक्ती काहून नाई आली?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. कितीतरी दिवस मी ते मनात घोकत होते, साहेबांच्या नावानिशी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बोलले नाहीत तर मी बोलणार होते. ते काहीतरी पुटपुटले, आणि ज्या माणसाचा आवाज मंडईत शेवटच्या रांगेपर्यंत जाई, त्याचं बोलणं हातभर अंतरावरच्या सगुणाला ऐकू गेलं नाही.

"का म्हनलं साहेब?"

"मीनंच मांगतली नाई, सगुणा. मांगतली असती त आली असती."

 सगुणाने त्यांच्या पुढ्यातला लोटा उचलला, त्यातलं पाणी अंगणात ओतलं आणि पोराला घेऊन आत गेली. साहेब उठले आणि पेटी बांधून आणलेली दोरी गुंडाळू लागले. मला त्यांची कीव आली, आणि ती आल्याचा रागही आला. मग त्यांनी सायकल वळवली. मी त्यांना थांबवलं नाही. मी पेटी डोक्यावर घेतली आणि शेजारच्या घराकडे निघाले. तिथंही एका पोराचं पोट उडत होतं.